तलावाचं खाणं फॉर्मात बसत नाही

डिसेंबरातली सकाळ. गोंदिया जिल्ह्यात अर्जुनी मोरगाव तालुक्यातलं तलावाकाठचं गाव, मासेमारी करणाऱ्या ढिवरांची वस्ती, आणि माझ्या हातात आहार-पाहणीचे फॉर्म. काम ठरलेलं होतं : घरातल्या बाईला मागच्या चोवीस तासांत काय काय खाल्लं ते विचारायचं आणि दहा अन्नगटांपैकी किती गट पोटात गेले ते मोजायचं. पाच किंवा त्याहून जास्त भरले तर आहार पुरेसा विविध, कमी भरले तर अपुरा.

पहिल्याच घरी मावशी अंगणात धान वाळवत होत्या. त्यांना प्रश्न विचारला.

"भात आन वरन," त्या म्हणाल्या. "और काय रायते आमच्या घरी?"

दोन गट. मी खूण केली. पोट आत ओढल्यासारखं झालं, कारण आदल्या दिवशीही तीन घरांत हेच उत्तर मिळालं होतं आणि मी ते तसंच लिहून घेतलं होतं. फॉर्म मिटणार तेवढ्यात चुलीमागे माझं लक्ष गेलं. टोपल्यात चिखलाने माखलेले, मनगटाएवढे जाड दांडे पडले होते.

"हे काय आहे, मावशी?"

"ढेस. कमळाचे. काल रातच्याले केलतो ना भाजी."

"मग मघाशी सांगितलं का नाही?"

त्या गोंधळल्या. "ते तं तलावाचं आहे. इकत कुठं आणलं?"

हे वाक्य मी फॉर्मच्या समासात जसंच्या तसं लिहून ठेवलं. 'खाल्लं' म्हटलं की त्यांच्या डोळ्यांसमोर येत होतं ते राशनच्या दुकानातून किंवा आठवडी बाजारातून पैसे मोजून आणलेलं. बाकीचं सगळं घरचंच, ते कोण मोजतं? मी पुन्हा पहिल्यापासून विचारत गेले. वरण कसलं? लाखोळीचं. धान कापायच्या आधी उभ्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, लाखोळी शिंपडतात, उरलेल्या ओलीवर ती वाढते. त्याला इथे उतेरा म्हणतात. भाजी? तिचाच कोवळा पाला खुडून केलेली. आणि सकाळी भातासोबत? आंबाडीच्या लाल फुलांच्या आंबटात शिजवलेले झिंगे.

दोनाचे पाच झाले होते. मावशींच्या ताटात काहीच बदललं नव्हतं, प्रश्न तेवढा बदलला होता.

लाखोळीबद्दल आमच्या अभ्यासक्रमात एकच गोष्ट शिकवली होती : ती धोक्याची. रोज, महिनोन्महिने, दुसरं काही नसताना खाल्ली तर पाय लुळे पडण्याचा आजार होतो, म्हणून 1961 साली तिच्या विक्रीवर बंदी आली. मी मावशींना विचारलं, तर त्यांनी डाळ भिजवून, उकळून पहिलं पाणी फेकून देतात तो रिवाज दाखवला. आजीच्या काळापासून चालत आलेला. त्या पाण्यातच विषारी अंशाचा बराच भाग निघून जातो.

मग त्या म्हणाल्या, "म्याडम, ढेस कसे काढतेत ते पाहाले या."

तलावाच्या पाळीवरून, म्हणजे मातीच्या बांधावरून, चालताना त्यांनी तलाव दाखवला तो घर दाखवावं तसा. हे तुडूम, इथून बांध्यांना पाणी सुटतं. ही सलंग, जास्तीचं पाणी इथून निघून जातं. या भागातले असे हजारो तलाव लोकांनीच बांधले. कोहळी समाजाची ती विद्या. जवळच्या नवेगाव बांधचा तलाव अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळीने बांधला असं इथे सांगतात, आणि पाळीवर कोलासूर देव म्हणून त्याची पूजा होते. मालगुजारी, म्हणजे गावच्या जमीनदारीची जुनी पद्धत, गेल्यावर, 1951 नंतर, तलाव सरकारजमा झाले आणि नाव पडलं माजी मालगुजारी तलाव, बोलण्यात मामा तलाव. दरवर्षी गाळ काढणारे आणि पाळीवर माती टाकणारे हात तेव्हापासून कमी होत गेले.

पाणी बर्फासारखं होतं. मावशी लुगडं खोचून कमरेपर्यंत उतरल्या. ढेस हाताने नाही, पायाने शोधतात. अंगठ्याने चिखल चाचपत जायचं, दांडा लागला की बोटांत पकडून हलवायचं आणि मग वाकून ओढायचं. ओढताना तुटला तर भोकांत चिखल शिरतो आणि भाजी कचकच लागते. मी गुडघाभर पाण्यात उभी राहून दोन ओढले, दोन्ही तुटले. त्या हसल्या आणि तेवढ्यात पाच-सहा सबंध काढले.

दुपारी त्यांनीच जेवायला बसवलं. नव्या धानाचा भात, ढेसाच्या चकत्यांची कांदा-लसणाची रस्साभाजी, वर सांबार (आपण कोथिंबीर म्हणतो ती), आणि सकाळचे झिंगे. ढेस दाताखाली आधी करकरीत लागतो, मग त्यातून बारीक तंतू निघतात. झिंगे मात्र मी कधीच विसरणार नाही. आंबाडीचा आंबटपणा आधी जिभेला बिलगतो, तिखट मागून येतं, आणि डोक्याशेपटासकट चावलेला झिंगा गोडसर होऊन संपतो. बारीक जीव असा अख्खा खाल्ला जातो म्हणून त्यातलं कॅल्शियमही पोटात जातं. मोठ्या माशाचे काटे आपण ताटाबाहेर काढून ठेवतो.

जेवताना मावशी मासोळ्यांबद्दल बोलत होत्या. तलावातलं गवत हे मासोळीचं बाळंतघर, असं त्या म्हणाल्या. उथळ काठाच्या गवतात मरळ, शिंगी, मांगूर अंडी घालतात. त्याच काठावर बेशरम नावाचं रानझुडूप माजलं की पाणवनस्पती मरतात, गाळ साचतो, काठ हळूहळू जमीन होतो. याच तालुक्यात काही गावच्या ढिवर बायांनी बेशरम उपटून तिथे जुन्या पाणवनस्पती पुन्हा लावल्या. शास्त्रज्ञांनीही दखल घ्यावी असं काम, काय उगवायचं नि काय संपलं ते आठवून केलेलं.

संध्याकाळी मी आदल्या दिवशीच्या तिन्ही घरी परत गेले. खाडाखोड झाली, वरिष्ठांना कारण लिहून द्यावं लागलं. आता पहिला प्रश्न मी वेगळा विचारत होते : काल तलावातून घरात काय आलं? पहिल्या घरी झिंगे आणि शिंगाडे निघाले. दुसऱ्या घरी सुकवलेली बारीक मासोळी.

तिसरं घर पलीकडच्या काठाला होतं. दारातून पाणी दिसत नव्हतं, नुसती बेशरमीची जांभळट फुलं दिसत होती. तिथल्या आजीने प्रश्न ऐकला, त्या दिशेने पाहिलं आणि म्हणाली, "तिकडून काई येत नाई, बाई. लय वर्सं झाले."

तिच्या फॉर्मवरचे दोन तसेच राहिले.