आठ जणांत एक भाकरी

मी चौथीला गणित शिकवते आणि अपूर्णांक आले की दरवर्षी तोच गोंधळ, एक चतुर्थांशापेक्षा एक अष्टमांश मोठा म्हणे, का तर आठ चारपेक्षा मोठा ना बाई! फळ्यावर तीनदा समजावलं, सगळ्यांनी माना डोलावल्या, वहीत परत तेच. मग चौघाचौघांचे गट केले, कागदाच्या गोल भाकऱ्या दिल्या आणि गप्प बसले. एक पोरगी शेजारच्याला म्हणाली, अरे आठ जण जेवायला बसले तर तुला केवढीशी येईल? त्याला लगेच कळलं.

रशियन मानसशास्त्रज्ञ लेव्ह वायगॉट्स्की १९३४ मध्ये गेले, त्यांनी हेच मांडलेलं, की मूल एकटं जे करू शकतं आणि मदतीने जे करू शकतं त्याच्या मधल्या जागेत शिकणं घडतं, आणि ती मदत थोड्या पुढच्या मित्राचीही चालते.

पण नुसते गट केले तर एकच हुशार पोर सगळं करतं, हे मी खूपदा पाहिलंय. त्यावर मला जिगसॉ पद्धत फार आवडते. १९७१ मध्ये टेक्सासच्या ऑस्टिनमध्ये गोरी, काळी, मेक्सिकन वंशाची मुलं नुकतीच एका वर्गात आली होती, वातावरण तापलेलं, तेव्हा मानसशास्त्रज्ञ एलियट ॲरनसन यांनी धड्याचे तुकडे करून गटातल्या प्रत्येकाला एकेक दिला, म्हणजे इतरांचं ऐकल्याशिवाय धडा पुराच होत नाही.

मी नद्यांच्या धड्याला करून बघितलं. तापी एका अगदी अबोल मुलाकडे होती, तिघं त्याच्याकडे वाकून ऐकत होती, आणि तो बोलत होता.