मूल्यमापन झाले नाही

मंगळवार, रात्री उशिरा

शिक्षक-प्रशिक्षणातल्या आजच्या सराव पाठाच्या वहीत, पाठ बघणाऱ्या सरांच्या अभिप्रायाच्या रकान्यात लाल शाईत दोनच वाक्यं आहेत. 'मूल्यमापन झाले नाही. वेळेचे नियोजन करावे.' खाली सही आणि तारीख. फलकलेखन, शैक्षणिक साधन, आवाज, विषयज्ञान, सगळ्यांपुढे बरोबरच्या खुणा आहेत, पण माझं मन त्या खुणांवर ठरत नाही. गुरुवारच्या पाठाचं टाचण, म्हणजे लेखी आखणी, काढायचंय. ते बाजूला ठेवून हे लिहितेय, कारण ही दोन वाक्यं डोक्यातून गेल्याशिवाय टाचण होणार नाही.

सातवीचा भूगोल, नकाशावर उंची दाखवणाऱ्या समोच्च रेषा. तास ३५ मिनिटांचा. टाचणातली वाटणी: प्रस्तावना ५, हेतुकथन (आज काय शिकायचं ते सांगणं) १, विषयविवेचन १९, संकलन (उजळणी) ४, मूल्यमापन ४, स्वाध्याय २. बेरीज बरोबर ३५. कागदावर ती नेहमीच बरोबर येते. आधीच्या तासाची गणितं पुसून फळा कोरडा करायचा, कोपऱ्यात इयत्ता, विषय, घटक, पट, हजर लिहायचं, 'वह्या काढा' म्हटल्यावर वह्या निघेपर्यंत थांबायचं, यासाठी टाचणात जागाच नसते. तिथेच दोन-तीन मिनिटं जातात. म्हणजे पाठ सुरू होतो तेव्हाच तो ३२ मिनिटांचा झालेला असतो.

सूक्ष्म अध्यापनात, म्हणजे प्रशिक्षणातल्या छोट्या सरावात, हे कळत नाही. तिथे एक कौशल्य, ६ मिनिटं अध्यापन, ६ मिनिटं प्रत्याभरण (अभिप्राय), १२ मिनिटं पुनर्नियोजन, पुन्हा ६ आणि ६. छत्तीस मिनिटांत चक्र पूर्ण. समोर बसलेले 'विद्यार्थी' म्हणजे आपल्याच वर्गातल्या मैत्रिणी. कुठलं उत्तर हवंय हे त्यांना ठाऊक असतं आणि त्या तेच देतात. खरी मुलं दुसरंच काहीतरी सांगतात आणि ते बरोबर असतं. मग ते टाकून पुढे जायचं की धरायचं, हे तिथल्या तिथे ठरवावं लागतं.

प्रस्तावना मात्र आज मला हवी तशी झाली. 'गोदावरीला पूर आला की पाणी किती चढलं हे आपण कसं सांगतो?' अख्खा वर्ग ओरडला, 'दुतोंड्या मारुती!' गोदाकाठच्या या मूर्तीवरून पाणी मोजणं नाशिकच्या मुलांना शिकवावं लागत नाही. गुडघ्याला, कमरेला, छातीला, हे माप घराघरात आहे. पुढचा प्रश्न: पाणी मारुतीच्या कमरेला आहे, तर समोरच्या काठावर पाण्याची कड जिथे टेकते ती जागा कमरेपेक्षा उंच, खाली, की तेवढीच? इथे वर्ग गप्प झाला. बरेच जण 'खाली' म्हणाले. मग एक-दोन 'तेवढीच' आले, आणि ते 'तेवढीच' कुजबुजत मागच्या बाकापर्यंत गेलं. समोच्च रेषा म्हणजे समान उंचीच्या जागा जोडणारी रेषा. व्याख्या मी सांगण्याआधीच फळ्याजवळ येऊन उभी राहिली होती. वाहत्या पाण्याला थोडा उतार असतो, म्हणून पुढचं सगळं डब्यातल्या स्थिर पाण्यात दाखवायचं, हेही लगेच सांगून टाकलं.

साधनाबद्दल इथे नीट लिहून ठेवते, पुढच्या वर्षी कुणाला तरी लागेल. शाडूचा डोंगर करू नये. पाण्यात शाडू भिजते, कडा ढासळतात, पाणी गढूळ होतं आणि तिसऱ्या रेषेनंतर काही दिसत नाही. मुलं खेळतात तो तेलकट क्ले घ्यावा. पारदर्शक प्लॅस्टिकचा डबा, त्यात ८ सेंटीमीटर उंचीचा डोंगर, एक बाजू तीव्र आणि एक मंद. डब्याला बाहेरून कागदी पट्टी चिकटवून दर २ सेंटीमीटरला खूण. तेवढंच पाणी ओतायचं, पाण्याच्या कडेने टूथपिकने क्लेवर रेघ ओढायची, मग पुढचे २ सेंटीमीटर. शेवटी पाणी काढून डब्यावर पारदर्शक शीट ठेवायची आणि बरोबर वरून, एक डोळा मिटून, त्या रेघा मार्करने गिरवायच्या. डोकं जरा हललं तरी खालच्या रेघा सरकतात आणि मंद उताराच्या रेघाही जवळ आलेल्या दिसतात. त्यामुळे सगळ्या रेघा एकाच मुलाने काढाव्यात.

बटाटा कापून काप गिरवण्याची पद्धत स्वस्त आहे, पण काप सारख्या जाडीचे झाले नाहीत तर मूळ मुद्दाच जातो. दोन रेषांमधलं उंचीचं अंतर सारखं असतं म्हणून तर त्या जवळ आल्या की उतार तीव्र, हे म्हणता येतं. जाडी कमी-जास्त झाली की रेषा जवळ येण्याला काही अर्थ उरत नाही. आणि बटाटा कागद ओला करतो.

तर हे सगळं झालं, शीट फळ्यावर लावली, घड्याळात संकलनाची वेळ. आणि तिसऱ्या बाकावरच्या मुलीने विचारलं, 'मॅडम, मग आत्ता आपण कोणत्या रेषेवर बसलोय?'

टाचणात याला जागा नव्हती. मी थांबले. नाशिक समुद्रसपाटीपासून साधारण ६०० मीटरवर, म्हणजे आपण ६०० च्या रेषेच्या आसपास. मी फळ्यावर आडवी रेघ ओढून ६०० लिहिलं. लगेच दुसरा म्हणाला, म्हणजे साल्हेरचा किल्ला १,५६७ मीटर आहे तो इथून तेवढा उंच नाहीच! वजाबाकी त्यांनीच केली, ९६७. मग मुंबई शून्याजवळ. मग मुंबईहून इथे येताना ६०० मीटर चढायचे कुठे? सगळीकडे थोडे थोडे की एकदम? खिडकीजवळच्या मुलाचा हात वर. 'कसाऱ्याला, मॅडम. तिथे गाडीला मागून इंजिन लावतात.' आणि मी विचारायच्या आधीच त्याच्या शेजारचा म्हणाला, 'तिथे रेषा चिकटून चिकटून असतील.' कसारा-इगतपुरी घाटाचा चढ ३७ ला १, म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की गाडी १ मीटर वर. तोही आकडा लिहिला. घंटा झाली.

माझ्या मूल्यमापनातला दुसरा प्रश्न होता: 'तीव्र उतारावर समोच्च रेषा कशा असतात?'

संध्याकाळपासून मी इथेच अडकलेय. मूल्यमापन झालं होतं, मी न विचारता झालं होतं, एवढंच की ते त्या रकान्यात बसलं नाही. हे मला सरांना सांगायचं होतं. सांगितलं नाही. वहीवर सही होत होती, पुढच्या वर्गात दुसऱ्या कुणाचा तरी पाठ सुरू होणार होता, आणि.. असो.

टीईटीच्या (शिक्षक पात्रता परीक्षेच्या) बालमानसशास्त्राच्या ३० गुणांसाठी आम्ही जे सराव प्रश्न सोडवतो, त्यांत हे हमखास येतं. विद्यार्थ्याने पाठाबाहेरचा प्रश्न विचारला तर शिक्षकाने काय करावे? 'नंतर बोलू म्हणून टाळावे' हा पर्याय कायम चूक असतो. निरीक्षण तक्त्यात मात्र त्यासाठी ओळच नाही. मग मी कुठल्या कागदाप्रमाणे शिकवायचं?

आज सगळंच अंगावर आलं. खो-खोच्या सरावाला मैदानावर पोहोचले तेव्हा बाकीच्यांचं धावून झालेलं होतं, आणि शरीर गरम न करता थेट खांबावरचे सूर (झेपा). गुडघा आत्ता ठणकतोय. खो-खोत थकव्याला लपायला जागा नसते. ९ मिनिटांचा डाव, आठ जण पाटीवर (मधल्या पट्टीवर) आणि नववा धावणारा. एकदा खांद्याने दिशा घेतली की खांबापलीकडे गेल्याशिवाय वळता येत नाही, दोन खांबांच्या मधे पाटी ओलांडता येत नाही. आज माझा खो हात लागण्याआधी तोंडातून गेला, फाऊल. पुन्हा तेच. स्पर्श आणि आवाज एकाच क्षणी लागतात, आणि दमलं की आधी आवाज सुटतो. संघाच्या यादीचं काय होईल ते होईल.

खोलीवर आल्यावर भिंतीला टेकवलेला बोर्ड समोर. रविवारपासून त्यावर ३०० जीएसएमचा जाड कागद टेपने चिकटवलेला, त्यावर गोदाघाटाच्या आकाशाचा पहिला वॉश (पातळ रंगाचा थर), बाकी कोरा. चित्रकार शिवाजी तुपे यांनी हा घाट जलरंगात रंगवला, त्यांच्या मागे नाशिकची कितीतरी मुलं तिथे पायऱ्यांवर बसली. मला वाटतं अर्धवट कागदाइतकं दुसरं काही माणसाला थकवत नाही. आईचा फोन येऊन गेला. तिने विचारलं नाही, मीही बोलले नाही. वेळ कुठे जातो माझा? सकाळी शाळा, मग मैदान, रात्री टाचण, अधूनमधून परीक्षेचा अभ्यास, आणि एवढं करून वहीत काय, तर वेळेचे नियोजन करावे.

हे लिहून झाल्यावर एक गोष्ट मात्र दिसली, आणि ती कबूल करायला हवी वाटते. ती पाच मिनिटं बोलले कोण? ती मुलगी, खिडकीजवळचा मुलगा, त्याचा शेजारी, आणखी एक-दोन. वर्गात पन्नासच्या वर मुलं होती. उरलेल्यांना रेषा का चिकटतात ते कळलं का, याचा माझ्याकडे काही पुरावा नाही. मूल्यमापनाची ४ मिनिटं त्या गप्प बसलेल्यांसाठी असतात. हात वर करणारे कळलंय की नाही ते आपणहून सांगतातच. सरांचं वाक्य त्या गप्प मुलांच्या बाजूचं होतं, त्यांच्या मनात तसं असो वा नसो. आणि तरी उद्या तोच प्रश्न आला तर मी पुन्हा थांबेन. ३५ मिनिटांत या दोन्ही गोष्टी पूर्ण मावणार नाहीत, कधी इकडचं उणं राहील, कधी तिकडचं. हे एकदा मान्य केल्यावर जरा बरं वाटतंय.

गुरुवारी 'वारे' आहे. पाठाची वाटणी बदलते. प्रस्तावनेचे प्रश्न पाचावरून तीन. संकलन वेगळं न करता फळ्यावर जे साठत जाईल त्यालाच संकलन धरायचं, तिथली ४ मिनिटं मोकळी सोडायची आणि टाचणात त्यांच्यापुढे 'विद्यार्थ्यांचे प्रश्न' असं स्पष्ट लिहायचं, म्हणजे निरीक्षकांनाही दिसेल. मूल्यमापन तोंडी शेवटी न ठेवता विसाव्या मिनिटाला वहीत: जास्त दाबाचा आणि कमी दाबाचा असे दोन पट्टे काढा, वाऱ्याची दिशा बाणाने दाखवा. दोन मिनिटं. बाकांमधून एक फेरी मारली की पन्नास बाण दिसतात, आणि उलटा बाण लांबूनही कळतो. कुणी प्रश्न विचारलाच नाही तर त्या ४ मिनिटांत उलटे बाण काढणाऱ्यांजवळ जाऊन बसायचं.

पट्ट्यांच्या तक्त्यासाठी कार्डशीट मेनरोडवरून आणायची, निळी आणि तांबडी, प्रत्येकी दोन. गुडघ्याला आत्ता शेक. सरावाला पंधरा मिनिटं आधी पोहोचायचं, धावून झाल्याशिवाय खांबाला हात लावायचा नाही.