प्री-सीझन मॅचला गेलो आणि पंधरा वर्षांचा पोरगा बघून आलो

प्री-सीझन मॅचला, म्हणजे फुटबॉलचा सीझन सुरू होण्याआधीच्या सरावाच्या फ्रेंडली मॅचला, कशाला पैसे घालायचे, पॉइंट नाहीत काही नाही, तिथं कोण जीव तोडून खेळतंय, हे दर जुलैत कुणी ना कुणी मला ऐकवतंच. माझं उत्तर ठरलेलं आहे, पॉइंट नसतात म्हणूनच जायचं. पॉइंट असले की मॅनेजर खात्रीची अकरा माणसं उतरवतो, नसले की ज्यांना त्याला अजून पारखायचंय त्यांना उतरवतो, आणि ती आपल्याला सगळ्या जगाच्या आधी बघायला मिळतात.

तर २७ जुलै २०२५, रविवार, सिंगापूरचं नॅशनल स्टेडियम, आर्सेनल विरुद्ध न्यूकॅसल, दोन्ही इंग्लंडच्या प्रीमियर लीगमधल्या टीम, त्यातली आर्सेनल माझी. माझा मावसभाऊ तिथंच नोकरीला आहे, त्याच्याकडेच उतरलो होतो. दादा पक्का मँचेस्टर युनायटेडवाला, तरी माझ्याबरोबर यायला लगेच तयार झाला, कारण लहानपणी रात्री जागून टीव्हीचा आवाज बारीक करून मॅच बघायची सवय आम्हाला दोघांना एकदमच लागली. आर्सेनल प्रत्यक्ष खेळताना मी आजवर पाहिली नव्हती. २००४ नंतर तोवर एकदाही लीग जिंकली नव्हती, लागोपाठ तीन सीझन दुसरा नंबर, हे सगळं मी स्क्रीनसमोर बसूनच सोसलंय.

सर्कल लाइनच्या ट्रेनने गेलो, स्टेडियमसमोरच्या स्टेशनचं नावच स्टेडियम आहे. डब्यात चढलो तर सगळीकडे लाल जर्सी, एकाच्या पाठीवर आर्सेनलच्या जुन्या स्टारचं, बर्गकाम्पचं नाव, एका काकांच्या अंगावर जेव्हीसी या जुन्या स्पॉन्सरचं नाव लिहिलेली जर्सी, म्हणजे नव्वदच्या दशकातली किंवा त्याच्याही आधीची. मी त्यांच्याकडे बघून हसलो, त्यांनी छातीवरच्या तोफेवर, म्हणजे आर्सेनलच्या चिन्हावर, हात ठेवला, बाकी एक शब्द बोललो नाही आम्ही. आयुष्यभर एकट्याने रात्री बघितलेल्या टीमची एवढी माणसं एका डब्यात बघितली की काय होतं ते ज्याला झालंय त्यालाच कळेल.

लवकर पोचायचं हा माझा आग्रह होता, वॉर्म-अपसाठी. टीव्हीवर वॉर्म-अप दाखवतच नाहीत, दाखवला तरी मागे जाहिरात नाहीतर बडबड. इथं मी सगळं बघत बसलो, आधी गोलकीपर बाहेर येतात, मग बाकीचे, मग छोटं रिंगण करून एक-दोघांना मध्ये ठेवून वन टच पास, आणि बॉलचा तो आवाज, टप टप टप, एवढा स्वच्छ आणि एवढा पटापट की दादा म्हणाला, "अरे हे टीव्हीवर हळू का वाटतं रे?" खरंच वाटतं. वरून लावलेल्या कॅमेऱ्यात मैदान मोठं आणि माणसं लहान दिसतात, त्यामुळे स्पीड कळत नाही. आर्सेनलमध्ये नवीन आलेल्या मिडफिल्डर झुबिमेंडीवर माझा डोळा होता, बॉल येण्याआधी हा मान वळवून मागे बघतो, परत बघतो, आणि बॉल आल्यावर त्याला काही ठरवायचं उरलेलंच नसतं. वरती तो ३१० मीटरचा प्रचंड घुमट, सीटच्या खालून थंड हवा, तरी घाम थांबत नव्हता, मैदानावर तर काय होत असेल.

मॅच सुरू झाली आणि सहाव्या मिनिटालाच एलांगाने गोल मारला. नॉटिंगहॅम फॉरेस्टकडून न्यूकॅसलने नुकताच घेतलेला विंगर. त्यांचा स्ट्रायकर इसाक टूरवर आलेलाच नव्हता, ट्रान्सफरच्या बातम्यांनी नुसता गोंधळ चालू होता तेव्हा, पुढे १ सप्टेंबरला तो लिव्हरपूलला गेलाच. मग आमच्या मेरिनोने बरोबरी केली, मी ओरडून संपतोय तोवर त्यांच्या अॅलेक्स मर्फीकडून स्वतःच्याच जाळ्यात बॉल गेला, दोन मिनिटांत ०-१ चं २-१. शेजारची ओळख ना पाळख मंडळी गळ्यात पडत होती. कोण म्हणतं फ्रेंडलीला फरक पडत नाही.

दुसऱ्या हाफमध्ये न्यूकॅसलच्या जेकब मर्फीने २-२ केलं. आणि मग मी ज्याची वाट बघत होतो ते, सब, म्हणजे बदली खेळाडू, यायला सुरुवात झाली. फ्रेंडलीत दोन्ही टीमनी आधी ठरवून रेफरीला सांगितलं की पाचपेक्षा जास्त सब चालतात, म्हणून बरेच जण प्री-सीझनला वैतागतात, सारखी माणसं बदलतात म्हणून. मला तोच भाग सगळ्यात आवडतो.

आर्सेनलचा मॅक्स डाऊमन आला. पंधरा वर्षांचा. ३१ डिसेंबर २००९ चा जन्म, म्हणजे आर्सेनलने २००४ ला लीग जिंकली तेव्हा हा जन्मायलाही साडेपाच वर्षं होती. आपल्याकडे या वयाचं पोर दहावीच्या क्लासला जात असतं. बॉल डाव्या पायाला आला की तो थांबत नाही, समोरच्यावर सरळ चालून जातो, आणि समोर प्रीमियर लीग खेळणारी दणकट माणसं आहेत याचं त्याला काही नाही. पहिल्यांदा त्याने बॉल घेऊन वळण घेतलं तेव्हा आमच्या ब्लॉकमध्ये जो आवाज झाला तो गोलचा नव्हता, सगळ्यांनी एकदम श्वास आत ओढल्याचा होता. मी दादाचा हात धरून म्हणत होतो बघ बघ, आणि तो म्हणत होता बघतोय रे, सोड.

शेवटची काही मिनिटं राहिली होती, डाऊमन बॉक्समध्ये घुसला आणि त्याला पाडलं. पेनल्टी. माझं लक्ष रेफरीकडे नव्हतंच, पोरगा उठतोय का तेवढंच बघत होतो, कारण प्री-सीझनची खरी भीती ती आहे. १९९७ च्या जुलैमध्ये अॅलन शिअरर, न्यूकॅसलचाच, गुडिसन पार्कवर अशाच एका प्री-सीझन मॅचमध्ये घोट्याला लागून कित्येक महिने बाहेर बसला होता. पोरगा उठला, कपडे झटकले. आमच्या ओडेगार्डने पेनल्टी मारली, ३-२.

बाहेर पडताना ट्रेनसाठी ही गर्दी, आम्ही आपले हळूहळू सरकतोय आणि दादा एकदम बोलायला लागला. २००३ चा ऑगस्ट, लिस्बनला स्पोर्टिंगच्या नव्या स्टेडियमचं उद्घाटन, युनायटेड प्री-सीझन खेळायला गेलेली आणि ३-१ ने हरली, स्पोर्टिंगच्या अठरा वर्षांच्या रोनाल्डोने युनायटेडच्या डिफेंडर जॉन ओशेला पार फिरवलं होतं, आठवड्याच्या आत युनायटेडने त्याला घेतला. हे मी त्याच्याकडून किती वेळा ऐकलंय, पण त्या रात्री तो ते सांगताना वेगळाच सांगत होता. मी त्याला मेस्सी सांगितला, २००५ ची गाम्पर ट्रॉफी, म्हणजे बार्सिलोनाची दरवर्षीची प्री-सीझन मॅच, समोर युव्हेन्टस, हाही अठराचाच, तो युव्हेन्टसचा कोच कापेल्लोच्या एवढा डोळ्यात भरला की त्याने तिथल्या तिथे बार्सिलोनाकडे त्याची लोनवर मागणी केली. ती पण ऑगस्टमधली, सीझनच्या तोंडावरची, पॉइंट नसलेली मॅच. डाऊमन तिथवर जाईल असं मी म्हणत नाहीये, कुणीच म्हणू नये, पंधरा वर्षांच्या पोरावर असलं ओझं टाकणं बरोबर नाही. पण त्या दोन संध्याकाळी स्टेडियममध्ये बसलेल्या लोकांना काय वाटलं असेल ते आम्हाला रांगेत उभं राहून थोडंसं कळलं.

२३ ऑगस्टला लीड्सविरुद्ध तो प्रीमियर लीगमध्ये उतरला, तिथंही पेनल्टी मिळवली, आर्सेनल ५-० जिंकली. ४ नोव्हेंबरला प्रागमध्ये स्लावियाविरुद्ध चॅम्पियन्स लीगमध्ये खेळला, वय १५ वर्षं ३०८ दिवस, त्या स्पर्धेच्या इतिहासातला सगळ्यात लहान खेळाडू. तो मैदानात येत होता तेव्हा सिंगापुरात मध्यरात्र उलटून गेली होती, आणि दादाचा मेसेज आला, "आपला पोरगा आला बघ". युनायटेडवाल्या माणसाने आपला लिहिलं.