काटा खरा होता, पट्टीत मारलं

गेल्या महिन्यात परभणीहून धाकट्या बहिणीचा फोन आला, रात्रीचे साडेदहा वाजले होते, एवढ्या उशिरा ती कधी फोन करत नाही म्हणून मी दचकूनच उचलला. तर म्हणते, "दादा, तू हिशोबाचा माणूस हाइस, एक सांग, हे ऑनलाइन तंबोला खरं असतंय का? दोन महिने झाले खेळायले, एकदा बी फुल हाऊस लागलं नाही, हे लोक बनवायलेत का काय?"

मी लातूरच्या मोंढ्यात आडत दुकानावर मुनीम आहे, बावीस वर्षं झाली. बहीण हे असलं काही खेळते हेच मला माहीत नव्हतं. तिकीट ५० रुपयाचं, एका वेळी चार तिकिटं, पैसे यूपीआयनं, एका मोबाइल ग्रुपवर रोज संध्याकाळी खेळ, ती एक दिवसाआड खेळायची. दाजींना माहीत नव्हतं हे वेगळं सांगायला नको. रागावून काही उपयोग नव्हता, तिनं विश्वासानं विचारलं होतं, म्हणून म्हणलं रविवारी येतो, ग्रुपमधलं काहीच डिलीट करू नकोस.

आता ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, तंबोला, हाऊजी आणि इंग्रजांचा ९० नंबरचा बिंगो हे एकच. तिकिटावर तीन ओळी, नऊ रकाने, म्हणजे २७ घरं आणि त्यातली १५ भरलेली, प्रत्येक ओळीत पाच. १ ते ९० मधले नंबर एकेक करून पुकारायचे, आणि तिकिटावरचे सगळे १५ लागले की फुल हाऊस. (अमेरिकेतला बिंगो वेगळा, ७५ नंबरचा, पाच बाय पाचच्या चौकोनाचा.) आमच्या कॉलनीत गणपतीत खेळायचो आम्ही, प्लास्टिकच्या बरणीत सोंगट्या आणि बक्षीस स्टीलचा डबा. तेव्हा फसवणुकीचा प्रश्न कुणाच्या डोक्यात येत नव्हता, कारण बरणी सगळ्यांच्या समोर असायची आणि गोळा झालेल्या पैशाचं काय आणलं ते टेबलावर मांडलेलं असायचं.

मोंढ्यात शेतकरी सोयाबीन घेऊन येतो तेव्हा त्याची सगळी नजर काट्यावर असते. कट्टा काट्यावर नीट ठेवला का, हमालानं पाय तर लावला नाही ना, आकडा स्थिर झाला का. आणि बरोबरच आहे, घामाचा माल आहे. पण वजन झालं की तो निवांत होतो, चहा घेतो, आणि पट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशोबाचा कागद, हातात आली की सगळ्यात खालची रक्कम बघून खिशात घालतो. हमाली किती लावली, तोलाई किती, कटती कशाची धरली, हे वाचणारा दहात एखादा. मी बावीस वर्षं पट्ट्या लिहितोय, म्हणून सांगतो, शेतकऱ्याचं नुकसान काट्यावर होतं त्यापेक्षा पट्टीवर जास्त होऊ शकतं, आणि तिथं कुणी बघत नसतं.

ऑनलाइन तंबोल्यात हेच दोन प्रश्न आहेत आणि लोक एकच विचारतात. नंबर खरे निघतात का हा झाला काट्याचा प्रश्न. तिकिटाचे जेवढे पैसे गोळा झाले त्यातले किती खेळणाऱ्यांकडं परत गेले हा पट्टीचा प्रश्न. परदेशात ह्या दुसऱ्याला आरटीपी म्हणतात, म्हणजे शंभर रुपये गेले तर सरासरी किती परत आले.

रविवारी गेलो परभणीला. दुपारी दाजी झोपल्यावर आम्ही दोघं माळवदावरच्या खोलीत बसलो, तिच्या हातात मोबाइल आणि माझ्या हातात लाल वही. ती एकेक खेळ वर सरकवत वाचायची, मी लिहायचो. किती तिकिटं, कोणत्या नंबरला काय लागलं, जिंकलेलं तिकीट कितवं. तिनं खेळलेले ३१ खेळ होते. चहा दोनदा झाला, उन्हं उतरली तरी आमचं चालूच.

आधी काटा बघितला. एका तिकिटाचे सगळे १५ नंबर लागायला सरासरी ८५ नंबर पुकारावे लागतात, हे गणितानं पक्कं आहे. पहिल्या ६० नंबरात एखादं ठरावीक तिकीट पूर्ण होण्याची शक्यता ८६१ मध्ये एक. ५० नंबरात, २०,३४६ मध्ये एक. पण खेळात एकच तिकीट नसतं ना, ह्या ग्रुपच्या शीटमध्ये १६० तिकिटं होती, आणि १६० तिकिटांत पहिलं फुल हाऊस साधारण ६५ व्या नंबराच्या आसपास पडायला पाहिजे, निम्म्या वेळा त्याच्या आत, निम्म्या वेळा नंतर. म्हणजे कुठं दीडशे-दोनशे तिकिटांच्या खेळात वरचेवर ४५-४८ व्या नंबरालाच फुल हाऊस व्हायलं असेल तर तिथं नंबर ठरवून काढायलेत असं समजा, जास्त विचार करायची गरज नाही. तिच्या ३१ खेळांत सगळ्यात लवकरचं फुल हाऊस ५४ ला, सगळ्यात उशिराचं ७३ ला, बाकी सगळे मधे. म्हणजे काट्यात खोट दिसत नव्हती. मी तिला तसं सांगितलं तर तिचा चेहरा खुलला, म्हणे मग माझंच नशीब खराब. म्हणलं थांब.

तिचं ते फुल हाऊस न लागणं, त्यात सुद्धा विशेष काही नव्हतं. ३१ खेळ, प्रत्येकात १६० पैकी चार तिकिटं तिची, तर एकदाही पहिलं फुल हाऊस न लागण्याची शक्यता शंभरात सेहेचाळीस आहे. जवळजवळ छापा-काटा. लागलं नाही म्हणून फसवलं असं म्हणता येत नाही, आणि लागलं म्हणून खेळ स्वच्छ आहे असंही म्हणता येत नाही, हे दुसरं तर लोक अजिबातच ऐकून घेत नाहीत.

मग पट्टी काढली. बक्षिसं रोज ठरलेली. जलद पाचला, म्हणजे आधी कुठलेही पाच नंबर लागले त्याला, ३००, चार कोपऱ्यांना ४००, तिन्ही ओळींना पाच-पाचशे, पहिलं फुल हाऊस २,०००, दुसरं १,०००. बेरीज ५,२००. ग्रुपच्या वर ठळक लिहिलेलं, "आम्ही ९० टक्के पैसे बक्षिसात वाटतो". आता १६० तिकिटं गुणिले ५० म्हणजे ८,०००, आणि ८,००० मधले ५,२०० म्हणजे ६५ टक्के. ९० कुठून आले?

इथं मी बराच वेळ अडकलो. मग बुकिंग लिस्ट नीट बघितली. रोज खेळाच्या आधी होस्ट, म्हणजे खेळ चालवणारा, लिस्ट टाकायचा, कुणी कितवं तिकीट घेतलं त्याची. १६० तिकिटं रोज विकली जातच नव्हती, साधारण ११५ च्या आसपास जायची. ११५ गुणिले ५० म्हणजे ५,७५०, आणि त्यातले ५,२०० म्हणजे ९० टक्के. म्हणजे त्याचा आकडा खोटा नव्हता. पण मग उरलेली ४५ तिकिटं कुठं जात होती?

ती खेळात होती. आम्ही जिंकलेल्या तिकिटांचे नंबर त्या त्या दिवशीच्या बुकिंग लिस्टशी ताडून बघितले, एकेक करून, ३१ खेळ आणि सात-सात बक्षिसं म्हणजे २१७ बक्षिसं. त्यातली ५८ बक्षिसं अशा तिकिटांना लागली होती की जी कुणी घेतलीच नव्हती. होस्ट त्यापुढं "ऑफिस तिकीट" लिहून पुढं जायचा आणि सगळ्या बाया खाली टाळ्यांची चित्रं टाकायच्या. ऑफिस तिकीट म्हणजे काय हे कुणी विचारलं नव्हतं, बहिणीला वाटायचं ऑफिसात काम करणाऱ्या कुणाचं तरी असेल.

हे शांतपणे समजून घ्या, कारण सगळी गोम इथंच आहे. न विकलेली तिकिटं खेळातून काढून टाकली तर ५,२०० रुपये ११५ तिकिटांतच वाटले जातात आणि खेळणाऱ्याला खरोखर शंभरातले ९० परत येतात. ती तिकिटं खेळात ठेवली की त्यांच्या वाटणीची बक्षिसं परत होस्टच्या खिशात जातात, आणि तिकीट कमी विकलं तरी त्याचं काही बिघडत नाही, आपल्या हातात मात्र ६५ च पडतात. जाहिरातीत ९०, हातात ६५, आणि एकही नंबर खोटा काढावा लागला नाही.

बहिणीनं दोन महिन्यांत ६,२०० रुपये घातले होते आणि सहा बक्षिसांचे मिळून २,७०० आले होते. ३,५०० गेले. मी वहीवर रेघ मारून आकडा दाखवला तर ती काहीच बोलली नाही, नुसती पदराचं टोक पिळत बसली. तिला बक्षिसं सहाच्या सहा आठवत होती, कोणत्या दिवशी, तेव्हा घरात काय स्वयंपाक केला होता इथपर्यंत. पण गेलेले पैसे दोनशे-दोनशेनं गेले होते ना, ते कुठं लक्षात राहतात.

अजून एक बघा, कारण ह्याला सगळेच भुलतात. शनिवारी ग्रुपवर जॅकपॉट असायचा, ४५ नंबरांच्या आत फुल हाऊस केलं तर वरून २५,०००. ऐकायला किती मोठं वाटतं. पण एका तिकिटाला ४५ नंबरांत फुल हाऊस होण्याची शक्यता १ लाख ३२ हजारांत एक आहे. म्हणजे त्या २५,००० ची किंमत तुमच्या एका तिकिटामागं १९ पैसे. होस्टला हा जॅकपॉट सरासरी एका खेळाला फार तर ३० रुपयांना पडतो, आणि त्याच्या नावावर शनिवारी तिकिटं मात्र धडाधड जातात.

अ‍ॅपवाल्यांचं "५०० भरा, ५०० बोनस घ्या" पण असंच मांडून बघायचं. समजा बोनसच्या दहापट खेळल्याशिवाय पैसे काढता येणार नाहीत अशी अट बारीक अक्षरात आहे. म्हणजे ५,००० ची तिकिटं घ्यायची. तो खेळ शंभरातले ७५ परत देणारा असला तरी ५,००० मागं १,२५० जातात, ५०० च्या बोनससाठी.

बहिणीनं मला एक दुसरं अ‍ॅप पण दाखवलं, म्हणे हे तरी बघ, ह्याला सर्टिफिकेट आहे. खाली कुठल्या तरी टेस्टिंग लॅबचा शिक्का होता. अशा लॅब खरोखर आहेत, ईकोग्रा, जीएलआय, आयटेक लॅब्ज, त्या नंबर काढणारा प्रोग्रॅम तपासतात, ज्याला आरएनजी म्हणतात. पण शिक्का खरा असेल तर त्यावर बोट दाबलं की लॅबच्या स्वतःच्या साइटवर त्या कंपनीचं नाव असलेला कागद उघडायला पाहिजे. आम्ही दाबलं, काहीच उघडलं नाही, नुसता फोटो चिकटवलेला होता. आणि समजा उघडला असता, तरी नंबर काढणारा प्रोग्रॅम बरोबर आहे एवढ्यावरून पट्टीत काय कापलं ते कळत नाही. ब्रिटनमध्ये गॅम्बलिंग कमिशन म्हणून सरकारी संस्था आहे, ऑनलाइन बिंगोवाल्याला तिचं लायसन्स लागतं, लायसन्सची यादी कुणालाही नेटवर बघता येते आणि जिंकण्याची शक्यता किती ही माहिती खेळणाऱ्याला द्यावी लागते. तिथला माणूस निदान कुणाकडं तरी कागद घेऊन जाऊ शकतो.

आपल्याकडं ते दारच नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं ऑनलाइन गेमिंगचा कायदा पास केला, २२ ऑगस्टला राष्ट्रपतींची सही झाली, त्यात पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ सरसकट बंद, मग तो कौशल्याचा असो की नशिबाचा. चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षं आणि पन्नास लाख. खेळणाऱ्याला शिक्षा नाही, हे मी बहिणीला आधी सांगितलं कारण ती घाबरली होती. मोठी अ‍ॅपं बंद झाली, पण हे असे ग्रुप गुपचूप चालूच आहेत, आणि तिथं लायसन्स नाही, तपासणी नाही, होस्टचं खरं नाव सुद्धा माहीत नाही. पैसे घेऊन बक्षीसच दिलं नाही असं झालं तर १९३० ह्या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, लाजू नका. पण पस्तीस टक्के पट्टीत कापले म्हणून कुणाकडं जाणार? म्हणून मला वाटतं असल्या ग्रुपमध्ये पन्नास रुपये सुद्धा घालू नयेत. नंबर खोटे निघतात म्हणून मी हे म्हणत नाहीये. हिशोब मागायचा हक्क जिथं नाही तिथं पैसे कशाला द्यायचे?

बहीण म्हणाली, एकदा विचारून तरी बघते. संध्याकाळी सात वाजता तिनं ग्रुपवर लिहिलं, मी शेजारीच बसलो होतो, "भाऊ, जी तिकिटं विकली जात नाहीत ती खेळातून काढता का ठेवता?" दोन मिनिटांत उत्तर आलं, "ताई ऑफिस तिकीट सगळीकडेच असते." त्याच्या खाली एका बाईनं विचारलं, ऑफिस तिकीट म्हणजे कुणाचं? मग अजून एकीनं, मग तिसरीनं लिहिलं की मागच्या महिन्याच्या सगळ्या लिस्ट परत टाका. आणि मग फक्त अ‍ॅडमिनच लिहू शकतो असं करून टाकलं.

आठचा खेळ त्या दिवशी साडेआठला सुरू झाला. बुकिंग लिस्ट टाकली नव्हती. बहीण मोबाइल मांडीवर ठेवून नंबर बघत होती, तिकीट घेतलं नव्हतं, आणि ६७ व्या नंबराला फुल हाऊस झालं तेव्हा होस्टनं जिंकणाऱ्याचं नाव लिहिलं, तिकीट कितवं ते लिहिलं नाही.