ढोलवाल्याचं मनोगत

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिही, असा सोलापूरच्या माझ्या शाळेचा निरोप आला. सोबत सूचनाही होती : 'तू ते मोठं व्हायोलिन वाजवतोस ना, त्यावर लिही.' व्हायोलिन नव्हे, चेलो. कूळ तेच, पण हा खुर्चीवर बसून, गुडघ्यांच्या मध्ये धरून, खालचं टोक जमिनीला टेकवून गजाने वाजवायचा. नातेवाइकांना सांगून थकलो, म्हणून इथे छापूनच टाकतो.

शाळेच्या बँडपथकात मी मोठ्या ढोलावर होतो. कारण एकच, उंची. धून बासरीवाल्यांकडे, माझ्याकडे नुसती धाडधाड. १५ ऑगस्टच्या प्रभातफेरीत पार्क चौकातून वळताना लोक बासरीवाल्या पोरांकडे बघायचे. मी कुरकुर केली की पीटीचे सर म्हणत, "तू थांबलास की सगळ्यांचे पाय चुकतेत बे!"

बारावीनंतर मुंबईला गेलो. एका गोवेकर सरांकडे व्हायोलिन शिकायला म्हणून गेलो, तर तिथे व्हायोलिनला पोरांची रांग आणि कोपऱ्यातला चेलो रिकामा. पुन्हा उंचीच कामी आली. पोरं हे वाद्य सहाव्या-सातव्या वर्षी हातात घेतात. मी मिसरूड फुटल्यावर घेतलं. ते अंतर आजही बोटांना जाणवतं.

आणि इथेही वाट्याला आली ती खालचीच बाजू. पाखेलबेल या जुन्या जर्मन संगीतकाराचा 'कॅनन' तुम्ही लग्नाच्या व्हिडिओत नक्की ऐकलाय. वर तीन व्हायोलिनं एकामागोमाग नटतात, मुरडतात. चेलोला फक्त आठ सूर, आणि तेच आठ २८ वेळा! आमच्यात यावर भरपूर विनोद चालतात. मला मात्र ते वाजवायला मनापासून आवडतं. मी जरा रेंगाळलो की वरच्या तिघांनाही रेंगाळावं लागतं, आणि श्रोत्यांना पत्ताही नसतो.

जर्मन संगीतकार बाखने मात्र १७२० च्या सुमारास एकट्या चेलोसाठी सहा सुइट, म्हणजे छोट्या नृत्यरचनांच्या मालिका, लिहिले. पुढे कितीतरी वर्षं लोक त्यांना सरावाचे धडेच समजत. १८९० मध्ये तेरा वर्षांच्या पाब्लो कासाल्सला, पुढे गाजलेल्या चेलोवादकाला, बार्सिलोनातल्या एका जुन्या दुकानात त्यांची प्रत सापडली. बारा वर्षं रियाज केल्यावरच त्याने त्यातलं काही लोकांसमोर वाजवलं. या सुइटमध्ये ओळ एकच असते, पण ऐकताना तळाचा सूरही लागतो आणि वरची धूनही. मैफलीत मी पहिला सुइट हटकून ठेवतो. ढोल आणि बासरी दोन्ही माझ्याचकडे!

पोट मात्र शिकवण्यावर भरतं. २००६ मध्ये मुंबईच्या एनसीपीए या कलाकेंद्रात सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया हा वाद्यवृंद सुरू झाला, पण त्यातही परदेशी वादक पुष्कळ. बाकी आम्ही रेकॉर्डिंग, लग्नाची रिसेप्शनं आणि शिकवण्या असं जमवून नेतो. नव्या पोराला सुरुवातीला मी धून देतच नाही. मोठ्या विद्यार्थ्याने धून वाजवायची, छोट्याने खाली एकच मोकळी तार लांब गजाने धरून ठेवायची. चेलोच्या गळ्याला पडदे नसतात. बोटाची जागा कानानेच शोधावी लागते, आणि तो कान या खालच्या तारेवर तयार होतो. आया विचारतात, "सर, गाणं कधी वाजवणार हो?" मी पीटीच्या सरांचं वाक्य ऐकवतो, 'बे' वगळून.

महोत्सवात वाजवशील का, असंही विचारलंय. आनंदाने. चेलो सिद्धेश्वर एक्सप्रेसने येईल, चादरीत गुंडाळून. बर्थ त्याला, मी कसाही बसेन. विद्यार्थ्यांचे दोन छोटे चेलोही आणतो, पोरांना गज ओढून बघू द्या. अट एकच, कार्यक्रम जानेवारीतल्या गड्ड्याच्या जत्रेच्या आसपास ठेवा. एप्रिल-मेमध्ये नको. चेलोचे सांधे सरसाने चिकटवलेले असतात, आणि लाकूड तडकण्याआधी सांधा सुटावा म्हणून तो सरस मुद्दामच हलका लावतात. आपल्या उन्हाळ्यात तो सुटणारच, आणि सोलापुरात तो परत चिकटवून देणारं मला तरी कुणी माहीत नाही.