नवेगावबांध : कोहळ्यांनी अडवलेलं पाणी

मुंबई-कोलकाता महामार्ग सोडून कोहमाऱ्याला आत वळलं की जंगल दोन्ही अंगांनी जवळ येऊ लागतं. धानाची कापणी आटोपली होती, बांध्यांमधून पुंजणे रचलेले दिसत होते. गोंदिया जिल्ह्यातल्या या भागात लोक येतात ते बहुधा वाघाच्या आशेनं. मला बघायचा होता तलाव.

पाळीवर उभं राहून समोर पाहिलं आणि हे माणसांच्या हातचं काम आहे यावर विश्वासच बसेना. अठराव्या शतकात कोलू पाटील कोहळी यांनी तो बांधला. भोवती सात टेकड्या, त्यांना सात बहिणी म्हणतात. टेकड्यांमधल्या मोकळ्या जागा मातीच्या पाळीनं बुजवल्या, की उरलेली भिंत डोंगरानंच उभी केलेली! पाणी कुठून येईल, कुठे थोपेल आणि कुठल्या बांधीपर्यंत पोचेल हे नुसत्या नजरेनं हेरणारे हे कोहळी समाजाचे शेतकरी होते. कोलू पाटील पुढे कोलासुर देव झाले. एका टेकडीवर त्यांचं ठाणं आहे. मला हा मान अगदी रास्त वाटतो.

काठाजवळ कमळपक्षी दिसला. लांबच लांब बोटं पसरून तो पानावर पाय टेकवी. पान किंचित दबे, कडेनं पाणी चढे, तोवर हा पुढच्या पानावर. पानाची कड चोचीनं उलटून खालचे किडे टिपणं चालू होतं. किती वेळ तेच बघत बसलो.

डोंग्यातून परतलेल्या ढिवरदादांना, म्हणजे इथल्या मासेमाराला, हिमालयापलीकडून येणाऱ्या पट्टकदंब हंसांबद्दल विचारलं. “थंडी वाढू द्या जी, मग येतेत,” ते म्हणाले.

1975 मध्ये इथे राष्ट्रीय उद्यान झालं, 2013 मध्ये नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प. वनाधिकारी म्हणून मारुती चितमपल्लींनी इथेच पाखरं न्याहाळली. पण हे सगळं धानासाठी अडवलेल्या पाण्यावर उभं आहे. पूर्व विदर्भात असे हजारो मामा तलाव आहेत, म्हणजे माजी मालगुजारी, पूर्वी जमीनदारांच्या ताब्यातले तलाव. कित्येक गाळानं भरलेत, काठांवर बेशरम नावाची झुडपं माजलीत. त्यांच्याकडे बघायला कुणी जिप्सी घेऊन येत नाही, याचं फार वाईट वाटतं.

तुम्ही जाल तेव्हा सफारी सकाळची घ्या, पण आदल्या दुपारीच पोचा. पाळ पायी चाला, दुर्बीण बरोबर ठेवा, आणि गावातल्या एखाद्या जाणत्या माणसाला पाणी कुठून कुठे जातं ते विचारा.