डावं चाक माझं

गेल्या वर्षी श्रावणाच्या शेवटच्या पंधरवड्यात आमच्या गाडीने किरकिर सुरू केली. सिग्नलला हळूच ब्रेक दाबला की पुढच्या चाकातून किर्रर्र असा बारीक आवाज, फळ्यावर खडू उलटा लागला की येतो ना तसला, दात शिवशिवतात. आधी वाटलं पावसामुळे असेल, रात्रभर ब्रेकच्या डिस्कला, म्हणजे चाकासोबत फिरणाऱ्या लोखंडी तबकडीला, गंज धरतो आणि सकाळी पहिल्या दोन-चार ब्रेकमध्ये घासून जातो, दरवर्षीचं आहे ते. पण हा आवाज दुपारी पण यायला लागला, ऊन पडलं तरी यायला लागला, आणि लेकाने मागच्या सीटवरून "आई, गाडी रडतीये" असं जाहीर केल्यावर मग टाळता येईना.

हा आवाज म्हणजे मुद्दाम बसवलेली बोंब असते हे मला तेव्हा कळलं. बऱ्याच गाड्यांच्या ब्रेक पॅडला एक छोटीशी लोखंडी पट्टी असते. नवा पॅड साधारण दहा मिलिमीटर जाड, तो झिजत झिजत दोन-तीन मिलिमीटरवर आला की ती पट्टी डिस्कला टेकते आणि ओरडायला लागते. कुणीतरी कुठेतरी बसून विचार केलाय की माणूस काही चाक काढून बघणार नाही, तेव्हा याच्या कानाशीच ओरडू. मला त्या माणसाबद्दल फार आदर वाटला.

आणि समोर गणपती. दरवर्षी गौरी-गणपतीला आम्ही सासरी चिपळूणला जातो, पुण्याहून सातारा, उंब्रजला वळायचं, पाटण, कोयनानगर, आणि मग कुंभार्ली घाट. दोनशेच्या वर किलोमीटर, त्यातला शेवटचा घाट उतरणीचा, पाऊस आणि धुकं. किरकिरणारे ब्रेक घेऊन जायची ही जागा नव्हे.

सर्व्हिस सेंटरला फोन केला, त्यांनी गाडी बोलावली, काचेपलीकडून बघितली न बघितल्यासारखं केलं आणि एस्टिमेट पाठवलं. पुढचे पॅड, पुढच्या दोन्ही डिस्क, मागचे लायनर, ब्रेक ऑइल, क्लीनिंग चार्जेस आणि एक काहीतरी 'ट्रीटमेंट', जी नेमकी कशावर करणार ते विचारलं तर पोरगा म्हणाला मॅडम सिस्टीममध्ये येतंच ते. एकूण अकरा हजार आठशे. नवरा म्हणाला देऊन टाकू, ब्रेकचा मामला आहे. आणि इथेच माझं बिनसलं, कारण 'ब्रेकचा मामला आहे' हे वाक्य म्हटलं की माणूस वाटेल ती रक्कम देतो हे त्या सिस्टीमला आपल्यापेक्षा जास्त चांगलं माहितीये.

तर रात्री मी व्हिडिओ बघायला बसले. आता ज्यांनी हे व्हिडिओ बघितलेत त्यांना माहिती असेल, एक गोरा गृहस्थ असतो, त्याच्या घराला स्वतःचं गॅरेज असतं, भिंतीवर पाने उंचीप्रमाणे टांगलेले असतात, आणि तो म्हणतो हे काम कुणीही करू शकतं. चाक काढा, कॅलिपरचे (पॅड डिस्कवर दाबणारा चिमटाच तो) दोन बोल्ट, खालचा सोडा, कॅलिपर वर उचला, जुने पॅड बाहेर, पिस्टन मागे दाबा, नवे पॅड आत, झालं. वीस मिनिटं. माझी मावसबहीण न्यू जर्सीला असते, तिचा नवरा दर वेळी हे स्वतः करतो, पण तिकडे गॅरेजची मजुरीच तासाला शंभर डॉलरच्या पुढे जाते, त्यामुळे आयटीतला माणूस पण रविवारी गाडीखाली झोपतो. आपल्याकडे मजुरी तीन-चारशे रुपये. म्हणजे हिशोबाने बघितलं तर स्वतः करण्यात काहीच राम नाही. व्हिडिओ मी तरी पण तीन वेळा बघितला.

त्याला कारण बाबा. आमच्या बाबांची चेतक होती, आणि तिचे लायनर ते स्वतः बदलायचे, वाड्याच्या चौकात, पेपर अंथरून. चाक काढलं की ड्रममधली काळी भुकटी फुंकर मारून उडवायचे (त्या काळच्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असायचं, हे आता कळल्यावर त्या फुंकरीची आठवण पण जरा वेगळीच वाटते), मग लायनरला पॉलिश पेपर मारायचे, स्प्रिंग ताणून बसवताना एकदा तरी ती उडून तुळशीवृंदावनामागे जायची आणि ती शोधायचं काम माझं. सगळं बसल्यावर ट्रायल. चौकातून बोळाच्या भिंतीकडे स्कूटर घेऊन जायचे आणि भिंतीच्या हातभर अलीकडे थांबायचे. मी डोळे मिटून घ्यायचे. त्या माणसाच्या मुलीने अकरा हजार आठशे देऊन काचेपलीकडे कॉफी पीत बसायचं, हे काही पटेना.

शनिवारी नाना पेठेत गेले. स्पेअर पार्टच्या त्या गल्ल्यांमध्ये बाई एकटी शिरली की दुकानदार आधी मागे कोण येतंय का ते बघतो. मी मॉडेल, साल, व्हेरियंट सांगितलं, तर काउंटरवर तीन डबे आले, लोकल, मधला आणि कंपनीचा. होलोग्राम नखाने खरवडून बघा म्हणाला. चौदाशे रुपयांना दोन्ही चाकांचा सेट, एकूण चार पॅड, प्रत्येक चाकाला दोन, डिस्कच्या अलीकडे एक आणि पलीकडे एक. हातात घेतल्यावर कळतं की केवढीशी वस्तू आहे ती. सोनपापडीच्या वडीएवढी. हजार किलोची गाडी, त्यात आम्ही चौघं, नारळ, गौरीचे मुखवटे, सासूबाईंची औषधांची पिशवी, हे सगळं प्रामुख्याने या चार वड्यांनी थांबवायचं. (मागच्या चाकांना ड्रम असतो, तो हातभार लावतो, पण ब्रेक मारला की सगळा भार पुढे येतो म्हणून खरं काम पुढच्यांचंच.)

रविवारी सोसायटीच्या पार्किंगमध्ये बैठक मांडली. गाडीसोबत आलेला स्क्रू जॅक, पाना, जुनी सतरंजी. पहिलाच नट हलेना. मागच्या वेळी कुणीतरी हवेच्या गनने एवढा आवळलेला की मी पान्यावर उभी राहिले, दोन्ही पायांनी, आणि तेवढ्यात लिफ्टमधून जोशीकाका. "सर नाहीत का घरी?" मी म्हटलं आहेत, झोपलेत. मग वॉचमन आला, मग दुसऱ्या मजल्यावरचे एक आजोबा आले ज्यांच्याकडे पद्मिनी होती, मग एक मुलगा आला ज्याला नुसतंच बघायचं होतं. प्रत्येकाकडे सल्ला, पाना कुणाकडेच नाही. पद्मिनीवाले आजोबा तेवढे कामाचं बोलले. जॅककडे काठी दाखवून म्हणाले, याच्या भरवशावर चाक बदल, पण चाक काढून ठेवून तिथे काम करत बसू नकोस, हा सरकला तर गाडी डिस्कवर येईल आणि तुझा हात तिथेच असेल.

मी चाक काढलं तोवर. आत बघितलं, जुना पॅड खरंच बिस्किटाच्या कडेएवढा उरलेला. आणि आजोबांचं वाक्य डोक्यात. व्हिडिओतल्या गोऱ्याकडे लोखंडी स्टँड होते, ते मी तीन वेळा बघूनही मला दिसलेच नव्हते, कारण आपण व्हिडिओत आपल्याला पाहिजे तेवढंच बघतो. चाक परत लावलं. घाबरले असं म्हणायचं असेल तर म्हणा.

तर संध्याकाळी कोपऱ्यावरच्या मिस्त्रींकडे, पॅडचा डबा घेऊन. आपण स्वतः पार्ट घेऊन गेलो की मेकॅनिकच्या चेहऱ्यावर एक भाव येतो, आपण हॉटेलात घरून डबा नेल्यावर वेटरच्या येतो तो. डबा उलटसुलट करून म्हणाले, माल तुमचा असेल तर गॅरंटी पण तुमची. आणि आज होणार नाही, पोरं दोन्ही ढोलाच्या सरावाला गेलीत, गणपती होईपर्यंत मी एकटाच. मी म्हटलं मग मी करते हेल्पर. ते हसले. मी म्हटलं सकाळी चाक मी काढलंय. ते बघायला आले, नटांकडे बघितलं, म्हणाले गनने आवळलेले तुम्ही काढले? आणि मग जरा थांबून, बरं, उजवं मी करतो, ते बघा, डावं तुम्ही करा, ते मी बघतो.

त्यांनी घोडी लावली, म्हणजे तो लोखंडी स्टँड, दोन्ही बाजूंना, आणि गाडी हलवून बघितली. त्यांचं उजवं चाक दहा मिनिटांत झालं, खरंच. मला पाऊण तास लागला. कॅलिपर वर उचलला तर म्हणाले लोंबकळू देऊ नका, पाइप तुटेल, तारेने बांधा. पिस्टन मागे दाबायच्या आधी वर बोनेटमध्ये ऑइलची टाकी बघा, भरलेली असेल तर ऑइल बाहेर येईल आणि पत्र्याचा रंग खाईल. पिस्टनवर जुना पॅड ठेवून क्लॅम्पने हळूहळू आवळायचं, तो इतका हळू आत जातो की आपल्याला वाटतं जातच नाहीये. शाळेत पास्कलचा नियम पाठ केला होता, दोन मार्कांना, तो इथे माझ्या मनगटाला कळला.

आणि मग ती पिन. कॅलिपर ज्या दोन पिनांवर सरकतो त्यातली खालची अडकलेली. मिस्त्रींनी माझ्या हातात पॉलिश पेपर दिला. बरोबर तोच वास, लोखंड आणि जुनं ग्रीस आणि तो खरखरणारा कागद, मला एकदम चौक दिसला, पेपर अंथरलेला. पिन चकचकीत होईपर्यंत घासली, त्यांच्याकडचं उष्णतेला टिकणारं ग्रीस लावलं, आणि कॅलिपर बोटाने ढकलला तर लोण्यासारखा सरकला. हे व्हिडिओत नव्हतं, किंवा असेल, मी पुढे ढकललं असेल. आवाज बंद व्हायला नुसते पॅड पुरले असते, पण पिन तशीच राहिली असती तर डाव्या बाजूचा एक पॅड वर्षभरात परत खाल्ला गेला असता.

शेवटी ब्रेक ऑइल. चार वर्षं बदललं नव्हतं, साधारण दोन वर्षांनी बदला असं सांगतात. हे ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं, डॉट थ्री दर्जाचं नवीन ऑइल दोनशे पाच अंशांच्या खाली उकळत नाही पण ओल धरली की तेच एकशे चाळीसच्या आसपास उकळू शकतं, आणि घाटात ब्रेकवर पाय ठेवून ठेवून उतरणाऱ्याचं ते तेवढं तापू शकतं, मग वाफ होते, वाफ दबते आणि पेडल नुसतंच खाली जातं. बाबा म्हणायचे ज्या गिअरात घाट चढतो त्याच गिअरात उतरायचा, ते याचसाठी. ऑइल बदलायला दोन माणसं लागतात. मी आत पेडलवर पाय ठेवून बसले, मिस्त्री चाकाशी. "ताई, मारा. मारा. मारा. धरून ठेवा." निपल, म्हणजे जुनं ऑइल सोडायची चाकाजवळची तोटी, उघडला की पाय अलगद खाली. "सोडू नका! ... हां, सोडा." चार चाकं, चहाच्या काढ्यासारखं काळं ऑइल निघालं आणि हळूहळू मधाच्या रंगाचं यायला लागलं.

मजुरी, ऑइल, सगळं मिळून नऊशे. हेल्परचे कापले नाहीत. डिस्कला काही झालेलं नाही, अजून एक सेट जाईल म्हणाले. पहिले दोनशे-तीनशे किलोमीटर जोरात ब्रेक मारू नका, पॅड डिस्कला बसू द्या. पुण्यात आठवडाभर ऑफिसला जाऊन-येऊन ते आपोआप झालं.

घरी एवढंच सांगितलं की मिस्त्रींकडून करून आणलं. निम्मं खरं होतं.

मग कुंभार्ली. सासूबाई गुडघ्यांमुळे नेहमी पुढे बसतात, म्हणजे डावीकडे, म्हणजे बरोबर माझ्या चाकावर. हे मला कोयनानगर सोडल्यावर सुचलं. धुकं, पाऊस, समोर एसटी, मी दुसऱ्या गिअरमध्ये, आणि प्रत्येक वळणाला आई आपल्या बाजूचा ब्रेक दाबतायत, जो नाहीये तो, उजव्या पायाने, सपातासकट. दर वर्षी दाबतात, दर वर्षी मी आतल्या आत चिडते. या वर्षी वाटलं दाबा, दाबा, तेवढाच आधार.

घाट उतरून खाली चहाला थांबलो. नवरा भजी सांगायला गेला. मी पुढे वाकून चाकांजवळ हात नेला, न टेकवता, मिस्त्रींनी सांगितलं होतं की एक बाजू जास्त तापली तर समजायचं काहीतरी अडकतंय. उजवं बघितलं. मग डावं. मग परत उजवं. दोन्ही सारखीच कोमट. खरं सांगू, जरासं वाईटच वाटलं, माझं निदान थोडं तरी जास्त गार निघायला हवं होतं.

"काय गं, काय पडलंय का?" आईंनी काच खाली करून विचारलं.

"काही नाही," म्हटलं, "हवा बघत होते."